पाळी थांबली ते वय



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी अलिबाग तालुक्यातल्या खेड्यांमध्ये आयुष्यभर बाळंतपणं केली. बाईचं वैद्यक म्हणजे बाळंतपण, हीच तेव्हाची समजूत होती आणि तिला कारण होतं. आनंदीबाई जोशी लग्नानंतर पती गोपाळरावांच्या पोस्टातल्या बदलीमुळे काही काळ याच अलिबागेत राहिल्या होत्या. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला, त्याचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. बायका बाळंतपणात मरत होत्या, म्हणून शहाण्या माणसांनी तिकडे आधी लक्ष दिलं. आज गरोदर बाईची उपकेंद्रात नोंद होते, लोहाच्या गोळ्या मिळतात, दारात १०२ नंबरची गाडी येते. पण मुलं झाली, नसबंदीचं ऑपरेशन झालं, की आरोग्याच्या वहीतून ती बाई जवळजवळ नाहीशी होते. आणि त्यानंतर ती तीस, पस्तीस, कधी चाळीस वर्षं जगते. मला आज त्या वर्षांबद्दल बोलायचं आहे.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. बाईची पाळी कोणत्या वयात थांबली आणि कशी थांबली, ही माहिती तिच्या रक्तदाबाइतकीच मोलाची आहे. ती कागदावर हवी. तिच्या शेजारी कमरेचं माप हवं. नुसत्या वजनकाट्यावर आपल्या बायकांची प्रकृती कळत नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की शेवटच्या पाळीची तारीख ही पाळी गेल्याची तारीख धरतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत पाळी जाण्याचं वय ५१ च्या आसपास दिलेलं असतं. भारतात ते सरासरी ४६-४७ आहे. चार-पाच वर्षांचा फरक ऐकायला लहान वाटतो. पण चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान पाळी जाण्याला वैद्यकात ‘लवकर’ म्हणतात आणि चाळिशीच्या आत गेली तर ‘अकाली’. आपली सरासरीच त्या रेषेजवळ आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी बायका रेषेच्या अलीकडे पडतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी गेलेली बाई मुरूडच्या बाजारात मासळी विकत असते, मुलीच्या लग्नाची जुळवाजुळव करत असते. आपलं काही लवकर झालं आहे, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. उलट ‘कटकट गेली’ म्हणून ती सुटकेचा श्वास सोडते, आणि तो तिचा हक्कच आहे.

पाळी थांबते ती अंडाशयातला साठा संपल्यामुळे. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यांतली चारशेच्या आसपासच पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आतल्या आत विरून जातात. भाताची कणगी सुगीला एकदाच भरते आणि वर्षभर तिच्यातून काढतच राहायचं असतं, तसं हे आहे. नवं भात त्यात पडत नाही. साठा हजाराच्या आसपास आला की अंडाशय इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुरेसं बनवू शकत नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी आणखी जोराने हुकूम सोडते, एफएसएच नावाचं संप्रेरक वाढतं, पण ऐकणारं कोणी उरलेलं नसतं. संप्रेरकांच्या त्या खालीवर होण्यात अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, छातीत धडधडतं. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच घामाच्या धारा लागतात, त्यामुळे या वाफा उकाड्याच्या नावावर खपून जातात. पौषातल्या पहाटे अंगावरची गोधडी फेकून देणारी बाई मात्र उकाड्याने त्रासलेली नसते.

साठा कोणाचा लवकर संपतो? आनुवंशिकता मोठी आहे. आईची पाळी लवकर गेली असेल तर लेकीने ध्यानात ठेवावं. त्यानंतर कुपोषण. अनेक देशांतल्या बायकांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की खूप कमी वजनाच्या बायकांमध्ये लवकर पाळी जाण्याचा धोका दुपटीच्या घरात असतो, आणि जाड बायकांची पाळी उलट उशिरा जाते. आणि मग तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी साधारण वर्ष-दोन वर्षं आधी जाते. आपल्या बायका सिगारेट ओढत नाहीत, असं म्हणून हा मुद्दा सोडून देता येणार नाही, कारण घरोघरी मशेरी आहे. अंडाशयाला मारक ठरणारी रसायनं तंबाखू जळताना, भाजताना तयार होतात, आणि मशेरी ही तव्यावर भाजलेलीच तंबाखू. सकाळी दात घासायला, दुपारी वेळ जात नाही म्हणून, भूक मारायला, पोट साफ व्हायला, अशी ती दिवसातून कितीदा लागते. आगरी-कोळी वाड्यांवरच्या माझ्या मैत्रिणींना मी हे तोंडावर सांगते आणि इथेही सांगते: मशेरी सुटलीच पाहिजे. तोंडाच्या कर्करोगाचं कारण तर आहेच.

आता चरबीकडे येते. कारण या वयाच्या बायका दवाखान्यात जी तक्रार सगळ्यात जास्त वेळा सांगतात ती हीच: ‘बाई, खाणं तेवढंच आहे, पण पोट सुटलंय. ब्लाऊज बाह्यांना बसतो आणि परकराची नाडी पुरत नाही.’ घरातले म्हणतात, बसून खातेस. हे म्हणणं अन्यायाचं आहे.

चरबी शरीरात कुठे साठते, याला चरबी किती आहे याच्याइतकंच महत्त्व आहे. १९४७ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या जाँ व्हाग या डॉक्टरांनी प्रथम ठासून मांडलं की पोटावर चरबी साठणाऱ्या माणसांना मधुमेह आणि हृदयरोग गाठतात, मांड्या-नितंबांवर साठणाऱ्यांना तितके नाही. बाईला पाळी येत असते तोवर इस्ट्रोजेन चरबीला मांड्यांकडे वळवतं. तिथली चरबी सहज सुटत नाही. ती गरोदरपणासाठी आणि अंगावर पाजण्यासाठी राखून ठेवलेली असते. इस्ट्रोजेन घटलं की ही राखण संपते. नवी चरबी पोटाच्या कातडीखाली साठते आणि त्याहून वाईट म्हणजे आत, आतड्यांभोवती साठते. या आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत मेदाने भरतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर आणि ट्रायग्लिसराइड चढतात. त्याच काळात लैंगिक संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिनही घटतं. त्यामुळे थोड्या प्रमाणात असलेलं टेस्टोस्टेरॉन मोकळं होतं आणि बाईच्या शरीराची ठेवण पुरुषी वळणावर जाते. हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात ते याच्याचमुळे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत ‘स्वान’ या नावाने ओळखला जाणारा एक अभ्यास १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. मध्यमवयीन बायकांना दर वर्षी तपासत राहण्याची चिकाटी त्या संशोधकांनी दाखवली. त्यातून एक मोलाची गोष्ट निघाली. वजन वयानुसार हळूहळू, एकाच गतीने वाढत जातं. पाळी जाण्याच्या काळात ते एकाएकी उडी घेत नाही. पण चरबी वाढण्याचा वेग पाळी अनियमित होऊ लागल्यापासून जवळजवळ दुप्पट होतो, स्नायू झिजू लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षांनी हे सगळं थंडावतं. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही. स्नायू घटले, चरबी वाढली, काटा मात्र पूर्वीच्याच गतीने सरकत राहतो.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी गुंतलेला आहे, आणि तो उलगडण्याचं मोठं काम मराठी मुलखातच झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपलं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारीशेजारी छायाचित्र छापलं. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास करत होते. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याकडच्या बाळाचे हातपाय काटकुळे, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे किडकिडीत दिसणारं आपलं बाळ चरबी साठवण्याची सवय आईच्या पोटातूनच घेऊन येतं.

ही बाळं मुली असतील तर त्यांचं पुढे काय होतं, याचा विचार करा. अर्धपोटी वाढलेली, पंचेचाळीस किलोची, आयुष्यभर सडपातळ म्हणून ओळखली गेलेली बाई. तिची पाळी सेहेचाळिसाव्या वर्षी जाते. इस्ट्रोजेनची राखण संपते आणि मुळातच पोटाकडे झुकलेली चरबी आणखी तिकडे जाते. वजन पन्नास-बावन्न किलो. तिला कोणी जाड म्हणणार नाही आणि डॉक्टरही साखर तपासायला सांगणार नाहीत. आणि अशाच बाईच्या डोळ्यांत किंवा पायाच्या जखमेत मधुमेह पहिल्यांदा सापडतो.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच कंबर मोजली गेली. १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये बीएमआयच्या हिशेबाने जास्त वजनाच्या निघाल्या २४ टक्के. कमरेच्या ८० सेंटिमीटरच्या मर्यादेने मोजलं तर पोटाचा लठ्ठपणा असलेल्या निघाल्या सुमारे ४० टक्के. पुरुषांमध्ये त्यांची स्वतःची मर्यादा लावून हा आकडा बारा टक्क्यांच्या आसपास आहे. आणि बायकांच्या कमरेचं हे मोजमाप एकोणपन्नासाव्या वर्षी थांबतं. पाळी गेल्यानंतरची बहुतेक बाई त्यात येतच नाही.

चरबी ही नुसती साठवण नसते, ती संप्रेरकही बनवते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पाळी गेल्यानंतरही काही पुरुषी संप्रेरकं सोडत राहतात. चरबीतलं ॲरोमाटेज नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोनमध्ये रूपांतर करतं. इस्ट्रोन हे इस्ट्रोजेनचंच सौम्य भावंड आहे. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातलं बहुतेक इस्ट्रोजेन असं चरबीतून आलेलं असतं. चरबी थोडी असेल तर हाडांना त्याचा थोडा आधारही मिळतो. जास्त असेल तर गर्भाशयाच्या अस्तराला सतत इस्ट्रोजेनची चिथावणी मिळत राहते, आणि तिला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आता बनतच नाही. अस्तर जाड होतं, पुढे त्यात कर्करोग होऊ शकतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, तर ‘पाळी परत आली’ असं समजून गप्प बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण ते तपासूनच ठरवायचं असतं.

आता पिशवीच्या ऑपरेशनबद्दल, कारण पाळी जाण्याचा हाही एक मार्ग झाला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीमुळे काम बुडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, अंगावरून पांढरं जातं म्हणून कर्करोगाची भीती घातली गेली, अशी कारणं. देशभरातला आकडा १५ ते ४९ वयात ३.३ टक्के आहे आणि यांतल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असा राज्यांना आदेश दिला. किनाऱ्यावरची परिस्थिती बीडसारखी नाही. पण ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य इथेही सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

पिशवीचं काम काय, याचं उत्तर देते. पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन बनतं ते अंडाशयांत. पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली तर पाळी थांबते, संप्रेरकं चालू राहतात, पण तीही नेहमीपेक्षा काही वर्षं आधी संपण्याचा संभव असतो. दोन्ही अंडाशयं काढली तर पस्तिशीची बाई एका दिवसात साठीच्या संप्रेरकांवर येते. हाडं झिजतात, पोट वाढतं, हृदयाची राखण जाते. आणि आपलं नेमकं काय काढलं हे निम्म्याहून जास्त बायकांना सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘ऑपरेशन झालं’ एवढंच. डिस्चार्ज कार्ड पावसात भिजलेलं किंवा चुलीत गेलेलं. हे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. कधी तरी डॉक्टरला पहिला प्रश्न तोच पडणार आहे. जिथे शस्त्रक्रिया खरोखर लागते तिथे ती करावीच. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग. पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय चाळिशीच्या आत कोणी पिशवी काढू देऊ नये.

संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात. २००२ साली त्यांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास, सोळा हजारांहून जास्त बायकांवरचा, मध्येच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग थोडा वाढला, हृदयविकार कमी झाला नाही. जगभर भीती पसरली. पण त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. पुढे आकडे वयानुसार वेगळे करून पाहिल्यावर कळलं की साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर हिशेब बराच वेगळा येतो. गरम वाफांनी हैराण झालेल्या, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठींचा इतिहास नसलेल्या बाईला त्यांचा चांगला उपयोग होतो; पिशवी जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बाईला तर सहसा पन्नाशीपर्यंत ते द्यावं असंच तज्ज्ञ सांगतात. वजन उतरवायला मात्र या गोळ्या घेऊ नयेत. आणि पंचेचाळीस उलटलेल्या बाईला पाळी जातेय का हे ठरवायला सहसा रक्ततपासणी लागत नाही. एफएसएच रोज खालीवर होत असतं. ते पैसे साखर आणि कोलेस्टेरॉल तपासण्यावर खर्च करावेत.

पोट कमी करण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे स्नायू टिकवणं. आपल्या आयांनी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मैल तुडवले, चिखलात भात लावलं, विहिरीचं पाणी ओढलं. त्यांचे हाल मला परत आणायचे नाहीत. पण टेम्पो आला, नळ आला, जमिनी विकल्या गेल्या, आणि शरीराला भार पडायचा थांबला. चालणं चांगलंच, त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जिना, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी ओझ्याचं हवं. ताटात तांदळाची भाकरी अर्धी कमी आणि मासळीची तुकडी, कडव्या वालाची उसळ जास्त. घरात वाढताना तुकडी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते आणि बाईच्या वाट्याला कालवणाचा रस येतो. या वयात प्रथिनं तिलाही पुरेशी हवी असतात. जवळा, सुकट, सुके बोंबील यांत प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर आहे. मीठही भरपूर आहे, म्हणून रक्तदाब असेल तर धुऊन, भिजवून, बेताने.

शेवटचा मुद्दा. तिशीपुढच्या प्रत्येक माणसासाठी आशाताई घरी येऊन एक तक्ता भरतात. त्यात बाईच्या कमरेला ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. तंबाखू विचारलेली आहे, पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का तेही विचारलेलं आहे. तक्ता चांगला आहे. त्यात आणखी दोन रकाने हवेत: पाळी कितव्या वर्षी थांबली, आणि आपोआप की ऑपरेशनने. पंचेचाळीसच्या आत थांबली असेल तर त्या बाईची साखर, रक्तदाब आणि हाडांची तपासणी लवकर सुरू करावी. याला नवं यंत्र लागत नाही, नवा डॉक्टरही लागत नाही; लागतं ते उघड बोलणं. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून मराठीत शरीराबद्दल उघड बोलत राहिले. आपण तेवढंही बोलायला तयार नसू तर आशाताईंनी तरी कोणाच्या दारात काय विचारायचं?

इथे बसलेल्या पुरुषांना आणि मुलांना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आईला, बायकोला, थोरल्या बहिणीला पाळीबद्दलचे हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर तिच्या केसपेपरांच्या फायलीत लिहून ठेवा. साडीची गाठ सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावा. ८० च्या वर असेल तर वजन कितीही कमी असो, साखर तपासून घ्या. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जा.